आप्त कोण?

मतदान यंत्रे जिथे तयार होतात त्या कारखान्याच्या अलीकडच्या वस्तीत मी राहते. यशवंतपूरहून जालहळ्ळीच्या दिशेने निघाले की थोड्याच अंतरावर भारत इलेक्ट्रॉनिक्सचा, म्हणजे बीईएलचा, विस्तीर्ण आवार लागतो. 1954 साली स्थापन झालेली ही सरकारी कंपनी रडार आणि संरक्षण दलांची इतर उपकरणे बनवते. देशातली ईव्हीएम बनवणाऱ्या दोन सरकारी कंपन्यांपैकी ती एक, दुसरी हैदराबादची. इथल्या चौकाला बीईएल सर्कल म्हणतात, रस्त्याला न्यू बीईएल रोड म्हणतात, आणि आमच्या गल्लीत दर चार-पाच घरांमागे कुणीतरी बीईएलमधून निवृत्त झालेले असते.

त्यामुळे निवडणुकीचा निकाल लागला की महाराष्ट्रातून मला फोन येतात. सोलापूरचे मामा विचारतात, "अगं, तू तिथेच राहतेस ना? काय करतात गं ते यंत्रात?" पुण्याचे भाऊजी, म्हणजे माझे दीर, नेमके उलट बोलतात. "वहिनी, हरले की यंत्र वाईट, जिंकले की लोकशाहीचा विजय. काय म्हणायचं या लोकांना?" दोघेही हुशार, दोघेही वाचणारे. दोघांचे पक्ष वेगळे, एवढाच फरक. आणि राजकीय कटाच्या कुठल्याही आरोपावर त्यांचे मत काय असेल ते आरोप ऐकण्याआधीच सांगता येते. कुणी केला आणि कुणावर केला, एवढे कळले की पुरते.

मला पडलेला प्रश्न नैतिक आहे. एखाद्या कटाच्या आरोपावर किती विश्वास ठेवायचा हे ठरवताना आपला पक्ष बाजूला ठेवता येतो का, आणि ठेवायचा तर नेमके काय करायचे?

आधी थोडे मागे जाऊ. 2009च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेस आघाडी पुन्हा सत्तेवर आली, तेव्हा मतदान यंत्रांवर सर्वांत मोठा संशय भारतीय जनता पक्षातून व्यक्त झाला. लालकृष्ण अडवाणी यांनी कागदी मतपत्रिकेकडे परतण्याची मागणी केली. 2010 साली जी. व्ही. एल. नरसिंह राव यांचे या यंत्रांवर शंका घेणारे पुस्तक आले. त्याला प्रस्तावना अडवाणींची होती. सुब्रमण्यम स्वामी न्यायालयात गेले, आणि ऑक्टोबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मताची कागदी चिठ्ठी दाखवणारी व्यवस्था, म्हणजे व्हीव्हीपॅट, टप्प्याटप्प्याने आणण्याचा आदेश दिला. पुढच्या काही वर्षांत सत्ता बदलली आणि संशय घेणारे व संशय झटकणारे यांनी जागांची अदलाबदल केली. वाक्येसुद्धा बऱ्याच अंशी तीच राहिली.

यावरून "सगळे सारखेच" असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि बरेच सुशिक्षित लोक तिथेच थांबतात. ती निःपक्षता मला आळशी वाटते. 2009चा संशय पराभवाच्या चिडीतून आला असेल; तरी आज मतदाराला सात सेकंद दिसणारी चिठ्ठी त्याच संशयातून मिळाली. बोलणाऱ्याचा हेतू कळला म्हणजे बोलण्याचा खरेखोटेपणा कळला असे होत नाही. सगळे सारखेच म्हणणारा माणूस हेतू मोजतो आणि म्हणणे तपासायचे टाळतो.

इथे आपल्या भाषेतला एक शब्द मला फार बोलका वाटतो. न्यायदर्शनाने ज्ञानाची जी साधने मानली त्यांत विश्वासार्ह माणसाचा शब्द हे एक आहे, आणि अशा माणसाला तिथे 'आप्त' म्हटले आहे. ज्याला विषय माहीत आहे आणि जो तो जसा आहे तसा सांगू इच्छितो, तो आप्त. मराठीत मात्र आप्त म्हणजे नातेवाईक. आप्तेष्ट, आप्तस्वकीय. माहीतगार आणि आपला, हे दोन अर्थ एकाच शब्दात येऊन बसले आहेत, आणि राजकारणात आपण नेमकी हीच गल्लत करतो. पक्ष हा आपला गोतावळा होतो आणि गोतावळ्याचा शब्द हे प्रमाण. मामा आणि भाऊजी खोटे बोलत नाहीत. दोघेही आप्तवाक्यावर चालतात. फक्त आप्त कोण हे नात्यावरून ठरवतात.

मग तपासायचे कसे? पहिली गोष्ट कबूल करायला हवी ती ही की कट असतात. "कटबिट काही नसतं" असे म्हणणाऱ्याने यशवंतपूर मतदारसंघाकडे पाहावे. 2018 साली यशवंतपूरमधून काँग्रेसचे एस. टी. सोमशेखर निवडून आले. जुलै 2019 मध्ये सत्ताधारी काँग्रेस आणि जनता दलाच्या आमदारांनी एकापाठोपाठ एक राजीनामे दिले, त्यांत तेही होते. बंडखोर मुंबईला पवईच्या हॉटेलात जाऊन राहिले. त्यांना भेटायला गेलेल्या डी. के. शिवकुमार यांना पोलिसांनी हॉटेलच्या दारातच अडवले. 23 जुलैला कुमारस्वामी सरकार पडले. डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत सोमशेखर त्याच यशवंतपूरमधून भाजपचे आमदार झाले आणि नंतर मंत्री. मुंबईच्या वाचकांना हे नवे वाटू नये. 2002 साली विलासराव देशमुखांचे सरकार धोक्यात आले तेव्हा काँग्रेसने आपले आमदार बेंगळुरूजवळच्या रिसॉर्टवर आणून ठेवले होते, आणि तेव्हा त्यांची सरबराई करणारे हेच शिवकुमार होते. 2022 च्या जूनमध्ये सुरत आणि गुवाहाटीत काय झाले तेही सर्वांनी पाहिले.

या खऱ्या कटांकडे नीट पाहिले की त्यांचे काही गुण दिसतात. माणसे थोडी असतात, पंधरा-वीस किंवा चाळीस. कुणाला काय मिळणार हे स्पष्ट असते. गुप्तता काही दिवसच टिकवावी लागते. आठवड्याभरात हॉटेलचे नावसुद्धा टीव्हीवर येते. आणि पुढे गोष्टी आखल्याप्रमाणे चालत नाहीत. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने 1945 साली म्हटले होते की समाजातल्या प्रत्येक घटनेमागे कुणाचा तरी कट पाहणारे लोक एक गोष्ट विसरतात: कट करणाऱ्यांचे बेत क्वचितच तडीस जातात. सोमशेखर यांनी फेब्रुवारी 2024 च्या राज्यसभा निवडणुकीत भाजपचे आमदार असताना काँग्रेसच्या उमेदवाराला मत दिले, आणि मे 2025 मध्ये भाजपने त्यांना पक्षातून काढले. ज्यांनी माणूस फोडला त्यांच्याकडूनही तो फुटला.

आता याच नजरेने बीईएलच्या भिंतीकडे पाहू. कारखान्यातच यंत्र 'सेट' होते असे मानायचे तर काय काय मानावे लागते? यंत्र बनते तेव्हा ते कुठल्या राज्यात, कुठल्या मतदारसंघात जाणार हे ठरलेले नसते. कुठल्या बटणापुढे कोण, हे उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपल्यावर ठरते. यंत्रांचे वाटप दोनदा सरमिसळ करून होते. मतदानाच्या सकाळी पक्षांच्या प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतांची चाचणी घ्यावी लागते. मतमोजणीत प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राशी ताडतात. महाराष्ट्रात नोव्हेंबर 2024 मध्ये अशा 1,440 यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या आणि कुठेही तफावत आढळली नाही, असे निवडणूक यंत्रणेने जाहीर केले. यात गुंतलेली माणसे काही हजारांच्या घरात जातात. त्यांतली कितीतरी माझ्या गल्लीत राहतात, निवृत्तीनंतर सकाळी फिरायला जातात, मुलांच्या लग्नाच्या पत्रिका देतात. ती चांगली आहेत म्हणून निर्दोष, असे मला म्हणायचे नाही. इतक्या माणसांनी, सरकारे बदलत असताना, वीस वर्षे एक गुपित सांभाळले असे मानण्याची किंमत मोठी आहे, आणि मानणाऱ्याने ती मोजायला हवी.

एवढ्याने संशय संपतो का? संपत नाही, आणि संपूही नये. उमेदवारांची चिन्हे व्हीव्हीपॅटमध्ये भरण्याचे काम नावे पक्की झाल्यावर होते. म्हणजे 'कारखान्यात कुणाला काय ठाऊक' हे उत्तर त्या टप्प्याला लागू पडत नाही. टीकाकारांनी या फटीकडे बोट दाखवले. 26 एप्रिल 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. पण चिन्हे भरण्याची उपकरणे निकालानंतर किमान 45 दिवस मोहरबंद ठेवावीत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने मागितल्यास पाच टक्के यंत्रांची स्मृती तपासता यावी, असे सांगितले.

मला इथे एक कसोटी सापडते. उत्तर मिळाल्यावर संशयाचे काय होते ते पाहावे. 'सगळी यंत्रे सेट आहेत' इथून निघून 'चिन्हे भरताना कोण हजर असते' इथे येणारा संशय अरुंद होतो. त्याला हात घालता येतो, त्यावर नियम करता येतो. याउलट, चिठ्ठ्या जुळल्या तर चिठ्ठ्याही खोट्या, न्यायालयाने फेटाळले तर न्यायालयही सामील, आपण जिंकलो तर मुद्दाम जिंकू दिले, अशा वाटेने जाणारा संशय प्रत्येक उत्तराबरोबर रुंदावतो आणि नवी माणसे आत ओढतो. 2024 साली महाराष्ट्रात जून महिन्यात महाविकास आघाडीला 48 पैकी 30 जागा मिळाल्या आणि नोव्हेंबरमध्ये महायुतीने 288 पैकी दोनशे तीसच्या आसपास. पहिला निकाल खरा आणि दुसरा कट, असे म्हणणाऱ्याने मधल्या पाच महिन्यांत नेमके काय बदलले ते सांगायला हवे. आणि पहिला निकाल 'खोट्या प्रचाराचा' आणि दुसरा 'जनतेचा कौल' म्हणणाऱ्यानेही.

सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीचे उदाहरण मामांनी मला दिले. माळशिरस मतदारसंघात त्यांच्या पसंतीचे उत्तम जानकर निवडून आले, पण या एका गावात ते मागे पडले. गावकऱ्यांना ते पटेना. डिसेंबर 2024 मध्ये त्यांनी स्वतःच्या खर्चाने मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले, आणि प्रशासनाने जमावबंदी लावून ते थांबवले. मामा म्हणाले, "लपवायचं नसेल तर थांबवलं कशाला?" मी म्हटले, "मामा, निकाल कळल्यावर, गावासमोर घेतलेलं मतदान हे गुप्त मतदान नसतं. त्यातून यंत्राची परीक्षा होणार कशी?" ते क्षणभर गप्प बसले आणि मग म्हणाले, "पण मग आम्ही परीक्षा करायची तरी कशी?" हा प्रश्न मात्र खरा आहे. ज्याच्या हाती शंका फेडण्याची साधने आहेत त्याने बंदोबस्त पाठवला, तर अरुंद होऊ शकणारा संशय तोच रुंद करतो. आरोप करणाऱ्याकडून पुरावा मागावा हे योग्यच. पण कागद ज्याच्या कपाटात आहे त्याच्यावरही एक जबाबदारी येते.

यंत्राकडून मतदार यादीकडे आले की चित्र बदलते, आणि बदललेले चित्र मान्य करणे हाही सचोटीचा भाग आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये, कर्नाटकात भाजपचे सरकार असताना, बेंगळुरूत 'चिलुमे' या खासगी संस्थेचे प्रकरण पत्रकारांनी उघड केले. मतदार जागृतीच्या नावाखाली महापालिकेची परवानगी घेऊन, मतदान केंद्र अधिकारी असल्याची ओळख सांगत, संस्थेची माणसे घरोघरी मतदारांची माहिती गोळा करत होती. अटका झाल्या, निवडणूक आयोगाच्या आदेशाने दोन अधिकारी निलंबित झाले, आणि शिवाजीनगर, चिकपेट व महादेवपुरा या तीन मतदारसंघांच्या याद्या पुन्हा तपासायला सांगितले गेले. थोडी माणसे, ओळखपत्रे, परवानगीचे कागद: खऱ्या प्रकरणाच्या खुणा इथे होत्या.

7 ऑगस्ट 2025 रोजी राहुल गांधींनी त्याच महादेवपुऱ्याबद्दल मोठा आरोप केला. दुबार नावे, खोटे पत्ते, एकाच घरात डझनावारी मतदार, अशा पाच प्रकारांत मिळून 1,00,250 मते चोरली गेली, असे त्यांचे म्हणणे. बेंगळुरू मध्यची लोकसभेची जागा भाजपने 32,707 मतांनी जिंकली होती आणि एकट्या महादेवपुऱ्यात त्यांची आघाडी 1,14,046 होती, म्हणून हा आकडा वजनदार. पण त्यात तीन वेगळी विधाने एकत्र बांधली आहेत. यादीत दोष आहेत, हे पहिले. त्या नावांवर मते पडली, हे दुसरे. दोष कुणीतरी ठरवून घातले, हे तिसरे. पहिल्यासाठी यादीच पुरावा आहे आणि तो गंभीर आहे. दुसऱ्यासाठी मतदान केंद्रावरच्या नोंदी हव्यात. तिसऱ्यासाठी माणूस हवा. भाड्याच्या खोल्यांचे हे शहर आहे. माझ्याच रस्त्यावर एका इमारतीच्या पत्त्यावर वर्षावर्षाला नवी माणसे येतात आणि जुन्यांची नावे तशीच राहतात. तेव्हा एका घरात अनेक नावे दिसली की लगेच कट म्हणता येत नाही. आणि शहर असेच आहे म्हणून ऐंशी नावे हसण्यावारीही नेता येत नाहीत. आयोगाने शपथपत्र मागितले. ते नियमात बसत असेल, पण त्याने नावे खरी की खोटी हे ठरत नाही.

या प्रकरणात एक गोष्ट मराठी वर्तमानपत्रांत फारशी चर्चिली गेली नाही. कर्नाटकाचे तेव्हाचे सहकारमंत्री, काँग्रेसचेच के. एन. राजण्णा, यांनी जाहीरपणे विचारले की याद्या तयार झाल्या तेव्हा राज्यात आपलेच सरकार होते, मग आपण तेव्हा डोळे मिटून का बसलो? चार दिवसांच्या आत, 11 ऑगस्टला, त्यांचे मंत्रिपद गेले. त्यांचा प्रश्न आरोप खोटा ठरवत नव्हता, पण उत्तर मागत होता. गोतावळ्यातल्याने असा प्रश्न विचारला की गोतावळा काय करतो ते त्या दिवशी दिसले.

भाऊजींसाठीही माझ्याकडे एक प्रकरण आहे. 13 फेब्रुवारी 2021 रोजी दिल्ली पोलिसांनी दिशा रवी या बावीस वर्षांच्या पर्यावरण कार्यकर्तीला आमच्या उत्तर बेंगळुरूतून अटक केली. शेतकरी आंदोलनाला पाठिंबा कसा द्यायचा याची माहिती देणारा एक दस्तऐवज तिने संपादित केला, आणि त्यामागे देशाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय कट आहे, असा आरोप होता. हाही कटाचाच सिद्धान्त, फक्त सत्तेच्या बाजूने मांडलेला. दहा दिवसांनी दिल्लीच्या न्यायालयाने पुरावा तुटपुंजा ठरवून तिला जामीन दिला. भाऊजींना मी विचारले, "ईव्हीएमच्या आरोपाला तुम्ही पुरावा मागता तसा इथे मागितला होता का?" ते म्हणाले, "वहिनी, ते वेगळं होतं." वेगळे होते हे मलाही मान्य आहे. एका आरोपामागे हरलेला पक्ष होता आणि दुसऱ्यामागे तुरुंगाची किल्ली असलेले सरकार. तेव्हा दुसऱ्यापाशी पुरावा जास्त मागायला हवा होता.

तर पक्षापलीकडे जाऊन न्याय करणे म्हणजे सर्व आरोपांना समान गुण देणे नव्हे. प्रश्न समान, उत्तरे जशी येतील तशी. किती हात लागतात? किती काळ गप्प राहावे लागते? कागद कुठे आहे? उत्तर मिळाल्यावर संशय अरुंद होतो की रुंद? आणि नावे उलटी केली असती तर मी हेच म्हटले असते का? या प्रश्नांनी कारखान्यातल्या कटाची शक्यता मला फार थोडी वाटते, यादीतल्या दोषांची मोठी, आणि काही ठिकाणी हेतुपुरस्सर हात असल्याची बऱ्यापैकी. सोलापूरला लागून असलेल्या कलबुर्गी जिल्ह्यातले आळंद त्यापैकी एक. तिथे 2023 च्या विधानसभा निवडणुकीआधी मतदारांची नावे वगळण्यासाठी 6,018 ऑनलाइन अर्ज आले. तपासणीत 24 खरे निघाले. ज्यांच्या नावाने अर्ज होते त्यांना पत्ताच नव्हता. राहुल गांधींनी सांगितलेल्या तपशिलानुसार, आपल्याच काकांचे नाव वगळले जाते आहे हे एका मतदान केंद्र अधिकारी बाईंच्या लक्षात आले म्हणून हे उजेडात आले. आयोगाच्याच अधिकाऱ्यांनी फेब्रुवारी 2023 मध्ये गुन्हा नोंदवला; नावे वगळली गेली नाहीत, आणि तक्रार करणारे काँग्रेसचे उमेदवार निवडून आले. म्हणजे यंत्रणेने प्रयत्न रोखला हे खरे, आणि प्रयत्न झाला हेही खरे. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. मामा यातला दुसरा भाग सांगतात, भाऊजी पहिला.

चुकीच्या संशयाची किंमत कोण भरते हेही पाहायला हवे. मराठी माणसाला ठाऊक असलेली सर्वांत जुनी कटकथा 'ध चा मा' ही आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. तो कट होता यात वाद नाही. पण 'धरावे'चे 'मारावे' आनंदीबाईंनी केले, ही गोष्ट परंपरेने चालत आली आहे, आणि अडीचशे वर्षे आपण ती म्हणीसारखी वापरतो. खऱ्या कटाला एक सोयीस्कर नाव चिकटले की ते निघत नाही. आज तसे नाव चिकटते ते मतदान केंद्रावरच्या शिक्षिकेला, अंगणवाडी सेविकेला, चिन्हे भरणाऱ्या तंत्रज्ञाला.

त्याच खुनाच्या चौकशीत रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवले. रामशास्त्री म्हटले की आपण त्यांचा निःस्पृहपणा आठवतो आणि विरोधी पक्षाकडे बोट दाखवून 'आज रामशास्त्री हवे होते' असे म्हणतो. पण त्यांनी ज्याला दोषी ठरवले तो तेव्हा त्यांचाच धनी होता. पुढच्या निकालाच्या संध्याकाळी मामांचा आणि भाऊजींचा फोन येईल तेव्हा दोघांनाही मी एवढेच विचारणार आहे: आरोप आपल्या माणसावर असता तर तुम्ही कुठला कागद मागितला असता? तो आता मागा.